खणाचं परकर-पोलकं घरी शिवायचंय. आईचं पायमशीन आहे, हिंमत नाही

मलप्रभा
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात नंदगडचं घर आवरताना आईचं पायमशीन टेम्पोत घालून बेळगावात टिळकवाडीला आणलं. काळं, सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली. पंधरा वर्षं त्याच्यावर टीव्ही होता. पाट्यावर पाय ठेवला की चाक अर्धा फेरा फिरतं आणि कण्हत थांबतं.

मला शिवणातलं येतं ते असं: साडीला फॉल, हुक, उसवलेल्या बाहीला हातानं चार टाके. भाचीला (पाच वर्षांची, अंगानं बारीक) दिवाळीला खणाचं परकर-पोलकं हवंय. मागच्या वर्षी गावातल्या एका ठिकाणी शिवायला दिलं होतं. आलं तेव्हा तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. वर खणाचा काठ कापून टाकलेला, आणि पोलक्याची बाही इतकी आवळ की घातलेला हात बाहेर येईना. पोरगी रडायला लागली. शेवटी शिवण उसवून हात सोडवला. मग म्हटलं, थोडं सैल करू. तर आत माया म्हणून (शिवणीच्या बाहेर सोडतात ते) बोटभरसुद्धा कापड नाही!

यंदा मीच शिवणार असं सगळ्यांना सांगून बसले आहे. आता सांगा, हे मशीन जिवंत होईल का? खण किती घेऊ? आणि कापू कसा? कात्री हातात घेतली की पोटात गोळा येतो.

स्वाती_अनगोळ
आधी खणाला हात लावू नकोस. दोन उशांचे अभ्रे शीव, मग एक साधा परकर शीव, पॉपलीनचा. सरळ शिवण सरळ येईपर्यंत महागाचं कापड दुकानातच बरं. मी सुरुवातीला वहीच्या रेघांवर बिनदोऱ्याची सुई चालवायचे. भोकं रेघेवर पडायला लागली तेव्हा दोरा ओवला. शेजारीण मला खुळी म्हणायची.

कातरकाका
मलप्रभाताई, शहापुरात चाळीस वर्षं दुकान होतं, आता डोळ्यामुळं बंद. मशीन मरत नाही, फक्त जाम होतं. जुनं तेल आत चिकट होऊन बसलेलं असतं. घरात कुणीतरी खोबरेल घातलं असेल तर विचारूच नका, त्याचा डिंक होतो. शिवणयंत्राचं पातळ तेलच आणा, लहान बाटली पुरे.

पहिल्यांदा पट्टा चाकावरून काढा. पट्टा काढल्यावर वरचं चाक हातानं हलकं फिरतंय का बघा. वरचं जड असेल तर दोष डोक्यात, वरचं हलकं आणि पाटा जड असेल तर दोष खाली. मग जिथं जिथं लोखंडावर लोखंड घासतं तिथं एकेक थेंब. वरच्या भोकांत, सुईच्या दांड्यावर, मशीन मागं कलंडवून खाली शटलच्या बाजूला. चाक हातानं फिरवत राहा. लगेच सुटणार नाही. रात्रभर ठेवा, सकाळी परत घाला.

कापड सरकवणाऱ्या दातांच्या वरची पट्टी दोन स्क्रू काढून उचला. तिथं लोकर जमलेली असते, तुमच्या आईच्या काळातली सगळी. जुन्या टूथब्रशनं काढा. पट्टा चामड्याचा असेल आणि ढिला पडला असेल तर नवीन घेऊ नका, अर्धा इंच कापून त्याच तारेनं जोडा. आणि सुई नवीन घाला. पंधरा वर्षांच्या सुईनं खण शिवायचा म्हणजे कोयत्यानं दाढी करणं.

मलप्रभा
काका, तीन दिवस तेल घातलं. काल रात्री सुटलं! दातांखाली लोकरीचा गठ्ठा निघाला, त्यात एक हिरवा धागा होता. आईच्या एका साडीचा परकर त्याच रंगाचा होता, मला आठवतोय. तो धागा डबीत ठेवलाय.

आता पुढची रड. वरून टाका छान दिसतो, कापड उलटं केलं की खाली नुसतं जाळं. दोऱ्याचे गुंते. मध्येच दोरा तटकन तुटतो. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रीळ) तीनदा काढून घातली.

कातरकाका
खाली जाळं झालं की सगळे बॉबिनला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोरा ताणून धरणाऱ्या, दोन चकत्यांच्या मध्ये बसलेला नाही, नुसता वरून गेलाय. दाबपाय वर उचला, म्हणजे चकत्या सैल होतात. मग दोरा ओढून मध्ये बसवा. दाबपाय खाली करून दोरा ओढून बघा, हाताला अडायला पाहिजे.

सुई बघा. एका बाजूनं चपटी असते, त्याच्या समोरच्या बाजूला लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूनंच ओवायचा. सुई उलटी बसली की टाका सुटतो, दोरा तुटतो.

तिसरं, पाय. सुरू करताना वरचं चाक हातानं स्वतःकडं फिरवून द्या आणि मग पाटा दाबा. चाक उलटं गेलं की गुंता झालाच. नवीन माणसाचं निम्मं दुखणं हेच. सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोकं मागं धरून ठेवा.

बॉबिनची परीक्षा सोपी आहे. केसमध्ये बॉबिन घालून दोऱ्याला लोंबकळू द्या. आपोआप खाली घसरली तर ढिली, हलकासा झटका दिल्यावर दोन बोटं उतरून थांबली तर बरोबर.

निपाणीकर
धागा वाचतोय. राग मानू नका, पण हिशेब कुणी केलाय का? तयार खणाचं परकर-पोलकं बाजारात ढिगानं मिळतं. तेल, सुया, अस्तर, खण, वर तुमचे पंधरा दिवस. माझ्या बायकोनं मशीन घेतलं, दोन पिशव्या शिवल्या, आता त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेत.

स्वाती_अनगोळ
निपाणीकर, हिशेब बरोबर आहे. स्वस्त पडत नाही, हे कबूल. मी साध्या ड्रेसचं कापड आणि अस्तर घेते तेवढ्यात तयार कुर्ता येतो. पण तयार कुर्त्याचा मुंढा (बाही जोडतात ती गोलाई) माझ्या खांद्यावरून दोन बोटं खाली उतरतो आणि लांबी गुडघ्याला अडकते. मी बुटकी आहे, कारखान्यातलं माप कुणा उंच बाईचं आहे. पैसे वाचतात ते दुरुस्तीत. बाही आखूड करणं, कमरेला टक घालणं, चेन बदलणं, आईच्या साडीचा कुर्ता करणं. दर वेळी शिंप्याकडं ‘पुढच्या मंगळवारी या’ ऐकावं लागत नाही.

निपाणीकर
‘पुढच्या मंगळवारी या’ हे मात्र खरं. आमच्याकडं तो मंगळवार ऊस तुटेपर्यंत येत नाही.

गोदाक्का
अगे मलप्रभा, खण उभा कापू नको हां. मी चिकोडीकडची, चाळीस वर्सं पोरींची पोलकी शिवतो. गुळेदगुड्डच्या खऱ्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान, एकतीस इंचाच्या आसपास. दोन्ही किनारींना काठ. मागच्या वर्षी त्या शिंप्यानं उभा कापला असणार, म्हणून काठ गेला तुझा.

खण आडवा धर. म्हणजे एक काठ आपोआप परकराच्या खाली येतो. वरचा काठ कापून बाजूला ठेव, तो पोलक्याच्या बाहीला. आता बघ. पोरीची कंबर ते घोटा माप किती?

पुणेरी_पाहुणा
अक्का, गोंधळ झाला. ‘मी शिवतो’? तुम्ही अक्का की काका?

गोदाक्का
आमच्या भागात बायकाबी ‘मी शिवतो, मी जातो’च म्हणतात रे बाबा. शेजारी कानडी, त्यात ‘मी’ला बाई-बाप्या नाही. तू चहा पी.

मलप्रभा
हाहा. अक्का, कंबर ते घोटा तेवीस इंच. कंबर बावीस.

गोदाक्का
झालं की मग. एकतीसातला दोन इंच वरचा काठ काढला, उरले एकोणतीस. तेवीस लांबी, एक इंच नाडीच्या नेफ्याला, राहिले पाच. ते कापून फेकायचे नाहीत. आतल्या बाजूला दोन मोडी घालायच्या, अडीच-अडीच इंच खाणाऱ्या. पुढच्या दिवाळीला एक मोड सोडली की परकर अडीच इंच लांब. त्याच्या पुढच्याला दुसरी. माझ्या लेकीनं एक परकर दुसरीपासून चौथीपर्यंत घातला.

घेर कमरेच्या तिप्पट ठेव. तीन बाविसं सहासष्ट इंच. म्हणजे खणाची सहासष्ट इंच लांबी, जोड एकच, मागं. काठ खालीच असल्यानं दुमडायची गरजच नाही. बुट्टी आडवी पडेल, पण चौकोनी-गोल बुट्टीला काय होत नाही. पोलक्याला अजून बत्तीस इंच धर. सगळा मिळून पावणेतीन वार.

स्वाती_अनगोळ
मलप्रभा, दुकानात वार सांगू नकोस, नवीन पोरं मीटर समजून तीन मीटर फाडतात. पावणेतीन वार म्हणजे अडीच मीटर. मी एकदा परकराला अडीच वार मागितलं आणि अडीच मीटरचे पैसे देऊन आले. साडेआठ इंच जास्तीचे झाले, त्याच्या दोन पिशव्या झाल्या.

ताणाबाणा
आमचं घर वडगावचं, आजोबा हातमागावर बसायचे, आता पॉवरलूम आहे. खण घ्यायला जाशील तेव्हा एक सांभाळ. खडेबाजारात ‘खण’ म्हणून जे मोठ्या पन्ह्याचं, चव्वेचाळीस इंची कापड मिळतं ते बहुतेक यंत्रमागावरचं, त्यात कृत्रिम धागा असतो. वाईट नाही, धुवायला सोपं. पण अक्कांचा सगळा हिशेब एकतीस इंची पन्ह्यावर आहे, चव्वेचाळीसवर तो बसणार नाही.

खऱ्यात ताणा (उभा धागा) रेशमाचा, बाणा (आडवा धागा) सुताचा. कडेचे दोन धागे ओढून जाळून बघ, दुकानात नाही, घरी. रेशीम केस जळल्यासारखं वास मारतं, राख बोटात चुरते. सूत कागदासारखं जळतं. प्लॅस्टिकचा धागा वितळून त्याची काळी गोळी होते. फक्त कृत्रिम रेशीम पण कागदासारखंच जळतं, त्यामुळं ताण्याला कागदाचा वास आला तर दुकानदाराशी भांडायला हरकत नाही.

आणि हो, खण धुऊन कापायचा नाही, पण अस्तर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापायचं. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आकसतं आणि वरचा खण फुगे येऊन बसतो. लाल-जांभळा खण असेल तर कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघ. रंग उतरला तर फिकं अस्तर लावू नको.

कातरकाका
ताणाबाणांनी महत्त्वाचं सांगितलं. माझी भर: खणाच्या कापलेल्या कडा फार सुटतात. धागे निघतच राहतात. म्हणून माया नेहमीच्या अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंच सोडा. टाचण्या मायेतच लावा, अंगावर लावल्या तर भोक दिसतं. खडूची रेघ उलट्या बाजूला, साबणाची सुकी चिपटी असेल तर उत्तम. सुई अकरा किंवा चौदा नंबरची.

कटिंगचं गणित आत्ता शिकू नका. छाती भागिले चार, मुंढा अमुक, टक तमुक, हे वर्षभराचं काम आहे. मागच्या वर्षीचं ते आवळ पोलकं आहे ना? ते उसवा. सगळं सुटं करा, एकेका तुकड्यावर इस्त्री फिरवा, तरुण भारतच्या कागदावर ठेवून कडेनं पेन्सिल फिरवा. मग त्याच्या बाहेर, जिथं आवळलं होतं तिथं अर्धा इंच वाढवा, आणि त्याच्याही बाहेर माया. झालं तुमचं कटिंग. आम्ही उस्तादाच्या हाताखाली असंच शिकलो. सहा महिने नुसतं उसवायला बसवायचा.

चिकोडीचा_पोरगा
थोडं विषयांतर. माझी आई घरातच गल्लीतल्या बायकांचे जंपर (ब्लाउज) शिवते. केंद्राच्या पीएम विश्वकर्मा योजनेमध्ये शिलाईचं साहित्य मिळतं म्हणतात, खरं का? एकानं पाच हजार मागितले फॉर्म भरायला.

ताणाबाणा
त्या एकाला दारातूनच परत पाठव. ही योजना २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झाली, अठरा व्यवसायांत शिंपीकाम आहे. स्वतःचा धंदा म्हणून शिवणाऱ्यांसाठी आहे, घरातल्या एकालाच. आधी पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, त्याचा रोज ५०० रुपये भत्ता, शिवाय साहित्यासाठी १५,००० रुपयांपर्यंतचं व्हाउचर. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये, पुढं ग्रामपंचायतीची पडताळणी. आईचा आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू ठेव, माझ्या वहिनीचं तिथंच अडलं होतं.

हल्याळकर
मलप्रभा, कापलेले तुकडे टाकू नका. आमच्याकडं सिद्दी बायका जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कौदी शिवतात, हातानं, कडेकडेनं आत येत. तुमच्या बेळगावात वाकळ म्हणतात तीच जात. खणाचा कोपरा वाकळेत घातला की अख्खी वाकळ उजळते.

मलप्रभा
सगळ्यांचे आभार. आता खरं सांगते, हसू नका.

खण आणला. डाळिंबी, हिरव्या काठाचा, अडीच मीटर. खानापूरहून वहिनी आली होती, शक्ती योजनेच्या बसनं, कर्नाटकात बायकांना फुकट म्हणून बाई आता महिन्यातून तीनदा बाजार करते. परकराचे सहासष्ट इंच कापले. काही झालं नाही, आकाश कोसळलं नाही. पोलक्याचा पुढचा भाग कापला, मागचे दोन कापले. मग उरलेल्या सात इंची पट्टीवर बाहीचा कागद ठेवला, कापली. कागद सरकवला, दुसरी कापली. छान रांगेत.

रात्री साडेअकराला जोडायला घेतल्या तेव्हा कळलं. दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या! बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा जास्त खोल असतो हे मला माहीतच नव्हतं. एक उलटी करून लावावी तर खणाची उलटी बाजू वर येते. मी दहा मिनिटं नुसती पाट्यावर पाय ठेवून बसले. नवरा म्हणाला, एकच बाही ठेव, फॅशन म्हणू. त्याला आत झोपायला पाठवलं.

पट्टी उरलीय दहा इंच. बाहीला लागतात अकरा.

कातरकाका
घाबरू नका. ही चूक न केलेला शिंपी मला दाखवा. यापुढं बाह्या कधी एकेक कापायच्या नाहीत. कापड दुहेरी घ्या, सुलटी बाजू सुलटीवर, आणि एकदम कापा. मग एक डावी, एक उजवी आपोआप निघते.

एक इंच कमी आहे ना? कागदाच्या बाहीची बगलेकडची एक बाजू इंचभर कापा. तो इंच चुकलेल्या बाहीतून घ्या, अधिक दोन्हीकडची माया, आणि आधी जोडा. मग पूर्ण बाही कापा, या वेळी कागद उलटा ठेवून. जोड बगलेच्या खाली जातो, हात वर केल्याशिवाय दिसत नाही. पूर्वी कापड मोजकं असायचं तेव्हा आम्ही निम्म्या पोलक्यांना बगलेत जोड द्यायचो. बुट्टी जुळवायच्या नादाला लागू नका.

गोदाक्का
बगलेत जोड बघायला कोण येतंय. लाव जा.

निपाणीकर
मी उगाच हिशेब काढला असं वाटायला लागलंय. बायकोनं हा धागा वाचला आणि इस्त्रीचे कपडे खाली ठेवलेत. सुई कुठल्या नंबरची म्हणालात काका?

कातरकाका
आधी मशीनचं तेल. मग सुती कापडाला चौदा.

मलप्रभा
झालं! फोटो टाकलाय. बाहीला हिरवा काठ लागलाय, हात आरामात जातो, वर आत पाऊण इंच माया आहे. जोड कुठल्या बाहीला आहे ते ओळखा. गळा थोडा डावीकडं ओढतोय, ते मला दिसतंय, सांगू नका. काजं मशीनवर जमत नाहीत म्हणून मागं हुक लावले, हातानं. पोरीनं घातलं तेव्हा पहिलं विचारलं, यात खिसा का नाही? लावला. उजवीकडं, चुकलेल्या बाहीच्या उरलेल्या कापडाचा.

स्वाती_अनगोळ
खिसा! मस्त. मला वाटतं जोड डाव्या बाहीला.

मलप्रभा
हो ना. कसं कळलं?

स्वाती_अनगोळ
पहिल्या दोन्ही उजव्या होत्या म्हणालीस की.

गोदाक्का
अगे, त्या आतला फोटो पण टाकलायस तो मोठा करून बघितला. मोडी कुठल्या टाक्यानं घातल्यास?

मलप्रभा
नेहमीच्याच. बारीक, घट्ट. दोनदा फिरवली शिवण, सुटू नये म्हणून. का?

गोदाक्का
पुढच्या वर्षी सोडायच्यात त्या. बारीक टाका खणातून उसवताना धागे तुटतात, रेघ राहते. सगळ्यात मोठा टाका लावायचा, एकेरी, दोरा पण थोडा ढिला.

मलप्रभा
दोन्ही?

गोदाक्का
दोन्ही.

मलप्रभा
उसवायला बसते. काका, ब्लेड वापरू की सुई?

कातरकाका
ब्लेड नको. सुईनं दर चौथा टाका तोडा आणि उलट्या बाजूचा दोरा ओढा.